मुखवटा उतरल्यानंतर : 'कारे कानो'ची बलस्थानं आणि उणिवा

जपानी अ‍ॅनिमेतल्या प्रेमकथांबद्दल बोलणं निघालं की 'कारेशी कानोजो नो जिजो' हे नाव हमखास येतं आणि त्याच्या पाठोपाठ वादही येतो. चाहते या मालिकेला 'कारे कानो' एवढंच म्हणतात. टीव्ही टोकियो वाहिनीवर 2 ऑक्टोबर 1998 ते 26 मार्च 1999 या काळात तिचे 26 भाग दाखवले गेले. निर्मिती गायनॅक्स आणि जे. सी. स्टाफ या दोन स्टुडिओंची होती आणि दिग्दर्शक होते हिदेआकी अन्नो. पहिल्या डझनभर भागांना डोक्यावर घेणारे प्रेक्षक शेवटच्या भागांचा विषय निघाला की नाराज होतात. काहींना मात्र तिचं खरं धाडस उत्तरार्धातच दिसतं. पाव शतकाहून अधिक काळ चाललेली ही चर्चा आज कुठवर आली आहे, ते इथे पाहायचं आहे. कथेतले प्रसंग उघड केल्याशिवाय ते शक्य नाही, हे ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी लक्षात घ्यावं.

कथा आणि तिचा वेगळेपणा

युकिनो मियाझावा ही हुशार, नम्र, देखणी, सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी विद्यार्थिनी. हे सगळं नाटक आहे. तिला फक्त कौतुक हवं असतं. घरी आल्याबरोबर ती जुना ट्रॅकसूट चढवते, चष्मा लावते आणि पहिला नंबर टिकवण्यासाठी रात्र रात्र घोकंपट्टी करते. नव्या शाळेच्या प्रवेश परीक्षेत सोइचिरो आरिमा हा मुलगा पहिला येतो आणि तिचा जळफळाट सुरू होतो. पुढच्या परीक्षेत ती त्याला मागे टाकते. तो मनापासून तिचं अभिनंदन करतो, आणि जिंकल्याचा आनंद व्हायच्या जागी ती शरमून जाते. दहावीच्या गुणवत्ता यादीकडे डोळे लावून वाढलेल्या मराठी वाचकाला ही शरम समजावून सांगावी लागणार नाही.

मालिकेला दिशा देणारा प्रसंग पहिल्याच भागात येतो. आरिमा तिला सीडी द्यायला घरी येतो. दारात घरचंच कुणीतरी असेल असं समजून युकिनो दार उघडता उघडता उडी मारून लाथ घालते. ट्रॅकसूटमधली, विस्कटलेल्या केसांची, लाथ हवेत असलेली युकिनो आणि समोर अवाक झालेला आरिमा. मुखवटा एका क्षणात गळून पडतो. नेहमीच्या प्रेमकथेत असं गुपित शेवटपर्यंत जपलं जातं. इथे ते सुरुवातीलाच फुटतं आणि कथा तिथून पुढे जाते.

आरिमाचाही मुखवटा आहे, पण तो वेगळ्या कारणाचा. जन्मदात्यांनी त्याला टाकून दिलं, आईनं मारहाण केली. काका-काकूंनी दत्तक घेऊन वाढवलं. नात्यागोत्यातली माणसं मात्र त्याच्या रक्ताकडे संशयानं पाहत राहिली. आपण आई-वडिलांसारखे नाही हे सिद्ध करायला तो आदर्श मुलगा झाला. तिचं नाटक हौसेतून आलेलं आणि त्याचं भीतीतून. दोन मुखवट्यांमधला हा फरक ध्यानात ठेवला तर मालिकेबद्दलचे पुढचे बरेच वाद नीट कळतात.

पार्श्वभूमी : शोजो मांगाचं पान आणि टीव्हीचा पडदा

मूळ कृती मासामी त्सुदा यांची. हाकुसेन्शाच्या 'लाला' मासिकात ती 1996 ते 2005 या काळात क्रमशः आली आणि तिचे 21 खंड झाले. 'लाला' हे मुलींसाठीच्या जपानी चित्रकथांचं, म्हणजे शोजो मांगाचं मासिक. या परंपरेला 1970च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा यांच्या पिढीनं नवं वळण दिलं. पात्राच्या मनातले शब्द संवादाच्या फुग्याबाहेर काढून पानभर पसरायचे, चौकटी मोडायच्या, चेहऱ्यामागे फुलं, रेघा किंवा नुसता मोकळा अवकाश ठेवायचा. मनात चाललेलं थेट पानावर उमटवण्याची ही रीत त्या काळात पक्की झाली.

टीव्हीवर ही रीत आणणं कठीण होतं. शोजो कथांवर मालिका होत नव्हत्या असं नाही. 'कँडी कँडी' 1976मध्ये आली, 'मार्मलेड बॉय' 1994मध्ये, 'हाना योरी दांगो' 1996मध्ये. प्रेक्षकही भरपूर मिळाले. मात्र बहुतेक मालिकांनी कथानक घेतलं आणि पानाची ती खास मांडणी सोडून दिली. पात्रं चालतात, बोलतात, भांडतात, रडतात. मनातलं सांगायला पार्श्वभूमीला आवाज दिला की काम भागलं, असा हिशोब असे.

अन्नो यांनी त्याआधी 1995-96 मध्ये 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' ही रोबोंची मालिका केली होती. तीही 26 भागांची. तिच्या शेवटच्या दोन भागांनी युद्ध बाजूला ठेवून पात्रांच्या मनातच ठाण मांडलं आणि मोठं वादळ उठलं. नंतर 1997मध्ये चित्रपटाच्या रूपानं दुसरा शेवट आला. असा माणूस शाळकरी प्रेमकथा करतो आहे, याचं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. मला ते तितकंसं आश्चर्याचं वाटत नाही. मन पडद्यावर कसं दाखवायचं हा त्यांच्यापुढचा प्रश्न आधीपासूनचाच होता आणि शोजो मांगानं त्याचं उत्तर वीस वर्षं आधी कागदावर शोधून ठेवलं होतं.

ज्याबद्दल फारसा वाद नाही

पहिल्या भागांच्या गुणवत्तेबद्दल बहुतेकांचं एकमत आहे. युकिनोच्या मनात विचार येतो तेव्हा पडद्यावर अक्षरं येतात. कधी एकच शब्द काळ्या पार्श्वभूमीवर, तर कधी ओळींवर ओळी, वाचून संपण्याआधीच पुसल्या जाणाऱ्या. गंभीर चेहरा क्षणात बाहुलीएवढा होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा पूर्ण आकारात येतो. मधेच विजेच्या तारा, वाहतुकीचे सिग्नल, रिकामे वर्ग दिसतात आणि आवाज पात्रांचाच चालू राहतो. मांगाच्या पानावरची चौकटींची लय इथे संकलनात उतरली आहे. शिरो सागिसु यांचं संगीत विनोदाला आणि घालमेलीला सारख्याच निष्ठेनं साथ देतं. आत्सुको एनोमोतो यांचा युकिनोचा आवाज तिच्या गोड सार्वजनिक सुरातून घरच्या खरखरीत सुरात एका वाक्यात उतरतो. ती किमया ऐकायलाच हवी.

दुसरं बलस्थान कथेच्या क्रमात आहे. प्रेमकथांच्या मालिका सहसा कबुलीवर संपतात. इथे आरिमा लवकरच बोलून मोकळा होतो. युकिनोला मात्र आपल्या भावना कळूनही तोंडातून शब्द फुटत नाही. शेवटी एका बैठकीत, सगळे समोर बसलेले असताना, ती गुपचूप त्याचा हात धरते. तिचं उत्तर एवढंच, आणि मालिकेचे अजून बरेच भाग बाकी असतात. म्हणजे 'होय' म्हटल्यानंतर दोन माणसं एकमेकांबरोबर कशी राहतात, हाच कथेचा विषय होतो.

त्यातून काही फार समजूतदार प्रसंग घडतात. एकमेकांच्या नादात दोघांचे गुण घसरतात. शिक्षक आई-वडिलांना बोलावून घेतात आणि मुलांना वेगळं करण्याचा आग्रह धरतात. दोन्ही घरची माणसं मुलांवर विश्वास टाकतात आणि ते शिक्षकांना स्पष्ट सांगतात. पुढे खोटेपणा सोडलेल्या युकिनोला वर्गातल्या मुली वाळीत टाकतात. त्यांची म्होरकी माहो इझावा आहे. मालिका तिला खलनायिका करत नाही, तिचं म्हणणंही ऐकून घेते. इतके दिवस आम्हाला फसवलंस, हा माहोचा आरोप खोटा नाही. युकिनोला तो मान्य करावा लागतो. नायिकेला खऱ्या चुकीची किंमत मोजायला लावणारी शाळकरी मालिका विरळाच.

अठराव्या भागात दोघांमधली शारीरिक जवळीक सूचित होते, तीही कुठलाही चाळा न करता. टीव्हीवरच्या शाळकरी प्रेमकथेसाठी तेव्हा ते मोठं पाऊल होतं.

पहिला वाद : पैशांची चणचण की शैली?

खरा मतभेद सुरू होतो उत्तरार्धापासून. चौदाव्या भागाचा मोठा वाटा मागच्या भागांच्या उजळणीत जातो. चोविसाव्यातही तेच. इतर भागांच्या सुरुवातीलाही 'आतापर्यंत काय घडलं' हे लांबत जातं. हलती चित्रं कमी होत जातात, स्थिर चित्रं आणि मांगाच्या चौकटी वाढत जातात. एकोणिसाव्या भागात तर पात्रं कागदातून कापून काठीला चिकटवलेली आहेत आणि ती हातानं हलवली आहेत. भागाच्या अखेरच्या श्रेयनामावलीसोबत दिसतं ते शाळेच्या आवारातलं खरंखुरं चित्रीकरण.

एका बाजूचं म्हणणं सरळ आहे. पैसा आणि वेळ दोन्ही संपत आले होते आणि हे सगळं त्यावरचं पांघरूण आहे. प्रेक्षकानं कथेसाठी वेळ दिला, त्याला उजळणी मिळाली. कागदी बाहुल्या पहिल्यांदा पाहताना गंमत वाटते, पण भाग संपेपर्यंत पात्रांशी जुळलेलं नातं सैल होतं. भावनेवर उभ्या असलेल्या कथेला हे परवडत नाही.

दुसरी बाजू इतिहासाकडे बोट दाखवते. ओसामु तेझुका यांच्या 1963च्या 'तेत्सुवान आतोमु'पासून जपानी टीव्ही अ‍ॅनिमे कमी चित्रांतच घडलं. ओसामु देझाकी यांनी 1973च्या 'एस ओ नेराए!'मध्ये ऐन भावनेच्या क्षणी चित्र गोठवून त्याचं रंगीत रेखाटन करण्याची पद्धत रुजवली. ती काटकसरही होती आणि कलाही. मग अन्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटकसरीलाच भाषा केलं, तर ते कमी कसं ठरतं? एकोणिसाव्या भागात हिरोयुकी इमाइशी यांचा मोठा वाटा होता. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह 2011मध्ये ट्रिगर हा स्टुडिओ काढला. त्यांच्या कामात चित्राच्या सपाटपणाशी खेळण्याची जी आवड दिसते, तिची एक सुरुवात इथे आहे असं ही मंडळी सांगतात.

दोन्ही बाजूंना एकच मोजपट्टी लावून चालणार नाही, असं मला वाटतं. स्थिर चित्र आणि पडद्यावरची अक्षरं पहिल्या भागापासूनच आहेत आणि ती पात्राच्या मनाशी बांधलेली आहेत. त्यांना चणचणीचं लक्षण म्हणणं अन्यायाचं होईल. कागदी बाहुल्या हा प्रयोग होता, तो निम्माच साधला. उजळण्यांचं समर्थन मात्र कुठल्याही सिद्धान्तानं करता येत नाही. त्या पात्रांबद्दल नवं काही सांगत नाहीत. घटना तशाच राहतात आणि मिनिटं जातात. मालिकेची सर्वात मोठी उणीव मी यालाच म्हणेन.

दुसरा वाद : मूळ लेखिकेचं आणि दिग्दर्शकाचं

त्सुदा यांना मालिकेतला विनोदावरचा भर पटला नाही, असं अ‍ॅनिमेच्या जगात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. उत्तरार्धात अन्नो यांचा सहभाग कमी झाला, तो या मतभेदामुळे की इतर कारणांनी, यावर चाहत्यांत आजही तर्क चालतात. त्या तर्कांत शिरण्यापेक्षा समोरची कलाकृती पाहणं बरं.

मालिका सुरू झाली तेव्हा मांगाला जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. त्यामुळे ती मांगाच्या साधारण पहिल्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच पोहोचते. त्या हिश्श्यात विनोद खरोखरच भरपूर आहे. आरिमाच्या बालपणाचा काळोख मांगात पुढे हळूहळू वर येतो आणि अखेरच्या खंडांत सगळी कथाच व्यापतो. कथा कुठल्या दिशेला चालली आहे हे लेखिकेला ठाऊक होतं, दिग्दर्शकाच्या हातात मात्र अर्धवट छापील खंड होते. दोघांना एकाच कथेचा सूर वेगळा ऐकू आला तर त्यात नवल नाही.

त्सुदांची बाजू घेणारे म्हणतात, की मालिकेनं युकिनोच्या गमतीजमतींना इतकी जागा दिली की आरिमाची जखम मागे पडली. अन्नोंची बाजू घेणारे उलट सांगतात. पडद्यावरच्या त्या काळ्या पाट्या, तो रिकामा वर्ग, ती शांतता पाहा, जखम सतत तिथेच आहे, असं त्यांचं म्हणणं. मी स्वतः दुसऱ्या मताकडे झुकतो. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्सुबासा शिबाहिमे, तिच्या वडिलांचं दुसरं लग्न, सावत्र भाऊ काझुमा आणि त्याचा बँड या उपकथानकाला जो वेळ मिळाला, तो आरिमाला मिळायला हवा होता. त्सुबासा गोड पात्र आहे, पण मालिकेचा भार तिच्यानं पेलत नाही.

शेवटाबद्दल दोन वाक्यं पुरेत. अखेरचे भाग शाळेच्या महोत्सवाच्या तयारीत जातात, वर्गमैत्रीण आया सावादाच्या नाटकाची तालीम सुरू होते आणि मालिका महोत्सवाआधीच थांबते. आरिमाच्या मनात सलणारं काही सुटत नाही, आणि हा काही विचारपूर्वक खुला ठेवलेला शेवट वाटत नाही.

तिसरा वाद : आरिमाकडे कसं पाहायचं

हा वाद अलीकडच्या काळात जास्त ठळक झाला. युकिनोचं गुपित कळल्यावर आरिमा ते फोडण्याची भीती घालून तिच्याकडून आपली शाळेची कामं करून घेतो. मालिका हे विनोदाच्या सुरात दाखवते. ती वैतागून नकार देते तेव्हा तो कबूल करतो, की त्याला फक्त तिच्याजवळ राहायचं होतं. पूर्वी हा प्रसंग लोकांना गोड वाटत असे. आजचा प्रेक्षक थांबून विचारतो : धमकी देऊन मिळवलेली सोबत गोड कशी?

बचाव असा, की युकिनो गप्प बसत नाही. ती त्याला सुनावते, नातं बरोबरीच्या पायावर आणते, आणि तिची स्पर्धेची ईर्ष्या प्रेमात पडल्यावरही जिवंत राहते. आरिमाचं वागणं चुकीचं आहे हे कथेला माहीत आहे. पुढे मांगात त्याचा मत्सर आणि मालकी हक्काची भावना हीच मोठी समस्या म्हणून समोर येते. हल्ला करणारे म्हणतात, की ते मांगात आहे. मालिकेपुरतं पाहिलं तर धमकी हास्यात विरून जाते आणि तिचा हिशोब कधीच होत नाही.

इथे मला हल्ला करणाऱ्यांचं म्हणणं अधिक योग्य वाटतं. मालिका अपुरी राहिल्याची खरी किंमत या ठिकाणी मोजावी लागते. आरिमामधला अंधार त्याला कळला पाहिजे, युकिनोला दिसला पाहिजे आणि दोघांनी त्याला तोंड दिलं पाहिजे. पडद्यावर त्याची फक्त चाहूल लागते. अर्थात मांगा वाचल्यानं सगळे प्रश्न मिटतात असंही नाही. तिच्या अखेरच्या टप्प्यात शाळा संपता संपता युकिनोला दिवस जातात, आणि त्या वळणावर वाचकांचे आजही दोन तट आहेत.

नंतर आलेल्या मालिका काय सांगतात

'किमी नि तोदोके' (2009-11) ही शोजो प्रेमकथा नेमकी उलट्या वाटेनं गेली. संकोच, गैरसमज, प्रतीक्षा. कबुली खूप उशिरा. प्रॉडक्शन आय. जी.नं ती अतिशय सफाईनं केली, एकही भाग विस्कटलेला नाही. शेवटी त्यांनाही उरलेल्या कथेसाठी 2024पर्यंत थांबावं लागलं. 'कागुया-सामा' 2019मध्ये आली तेव्हा दोन अव्वल विद्यार्थी, विद्यार्थी परिषद, अहंकार आणि पडद्यावर थेट मांडलेला मनातला गोंधळ पाहून जुन्या प्रेक्षकांना 'कारे कानो' आठवली. 'होरिमिया' 2021मध्ये आली. शाळेत एक आणि घरी दुसराच चेहरा असलेली मुलगी, आणि तो चेहरा पाहणारा मुलगा. तिथे मात्र दोष उलटा होता. मोठी मांगा 13 भागांत कोंबल्यामुळे प्रसंग श्वास घेण्याआधीच संपतात, अशी तक्रार झाली.

या मालिका एकमेकींशेजारी ठेवल्या की एक दिसतं. निर्मितीची शिस्त आता बरीच सुधारली आहे, आणि अपुऱ्या मांगावर मालिका काढण्याची अडचण मात्र तशीच आहे. 'कारे कानो'च्या नावावर टाकलेले काही दोष खरं तर या धंद्याच्या पद्धतीचे आहेत.

अजून न सुटलेलं

तीन प्रश्न उरतात. अन्नो शेवटपर्यंत पूर्ण ताकदीनं राहिले असते तर आरिमाची गोष्ट पडद्यावर आली असती का, की छापील खंड संपल्यावर तेही अडलेच असते? मांगाचं पान पडद्यावर आणण्याची ही पद्धत प्रेमकथेला लांब पल्ल्यात मानवते का, की डझनभर भागांनंतर तिचा थकवा येणारच? आणि आता मांगा पूर्ण असताना कुणी ही कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्यानं पडद्यावर आणावी का? तिसऱ्याचं माझं उत्तर होकारार्थी आहे. पहिल्या दोन प्रश्नांवर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वजनदार आहेत.

मालिका म्हणून निवाडा द्यायचा तर पहिले तेरा भाग टीव्हीवरच्या शाळकरी प्रेमकथांमध्ये अगदी वरच्या रांगेत बसतात. चौदा ते अठरा असमान आहेत, पण अठरावा चुकवू नये. त्यापुढचं प्रयोगाची आवड असलेल्यांनी पाहावं. कथेची ओढ असलेल्यांनी तिथे मालिका थांबवून सरळ मांगा हातात घ्यावी आणि एकविसाव्या खंडापर्यंत वाचत जावं.